इतिहास विभागाची 'कामगिरी'ची पानं कशी वाचावीत?

शिरूर तालुक्यातल्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी यंदा बी.ए. झाली, पुण्यात राहून इतिहासात एम.ए. करायचं म्हणते. घरात आजोबांच्या पेटीत मोडीतले काही कागद आहेत, कुणालाच वाचता येत नाहीत, तिथून तिला हे वेड लागलं. वडिलांनी एका विभागाचं माहितीपत्रक मिळवलं. त्यात 'विद्यार्थी व माजी विद्यार्थ्यांची कामगिरी' म्हणून चार पानं आहेत: नेट आणि सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा), जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती), पीएच.डी., एमपीएससी, 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतली बक्षिसं, छापून आलेले शोधनिबंध. ते विचारतात, "एवढी नावं आहेत म्हणजे विभाग चांगला समजायचा का? आणि आमच्या पोरीचं पुढं काय होणार?"

मी पुण्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली नऊ वर्षं ही असली पानं मीच भरत होते, कारण काय तर माझं अक्षर चांगलं. पुढे सगळं संगणकावर गेलं तरी काम माझ्याकडेच राहिलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्या पानांवरची नावं बहुतेक खरीच असतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था म्हणजे नॅक. तिच्या अहवालात पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा असतो. नोकरीला कोण लागलं, पुढच्या शिक्षणाला कोण गेलं, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षा कोण पास झालं, हे सगळं पुराव्यासकट द्यावं लागतं. प्रमाणपत्राची प्रत नसेल तर नाव बाद. त्यामुळे दरवर्षी अहवालाचे दिवस आले की माझं काम म्हणजे फोन लावणं. "अगं, तुझं सेटचं सर्टिफिकेट व्हॉट्सॲप कर." "अरे, तुझ्या नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स पाठव ना." कुणी जेवणाच्या सुट्टीत पाठवायचं, कुणी तीन महिने नुसतं 'हो मॅडम' म्हणायचं.

पण नाव खरं असणं वेगळं आणि त्या नावामागे विभागाचं काम असणं वेगळं. आमचा एक विद्यार्थी नेट झाला तेव्हा त्याचा फोटो एकाच आठवड्यात चार ठिकाणी झळकला. तो बी.ए. जिथे झाला त्या कॉलेजच्या फलकावर, आमच्या फलकावर, आणि दोन क्लासच्या फ्लेक्सवर. त्यातल्या एका क्लासमध्ये तो फक्त नोट्स विकत घ्यायला गेला होता. त्याला विचारलं, "तू नक्की कुणाचा रे?" तर म्हणाला, "मॅडम, मी अभ्यासिकेचा." सदाशिव पेठेत बारा-बारा तास खुर्ची धरून बसलेल्या मुलाचं हे उत्तर अगदी बरोबर होतं.

आता एकेक रकाना बघू.

नेट वर्षातून दोनदा होते. दोन पेपर, पहिला ५० प्रश्नांचा १०० गुणांचा, दुसरा विषयाचा, १०० प्रश्नांचा २०० गुणांचा, एकूण वेळ तीन तास. दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी ६ टक्के उमेदवारांना सहायक प्राध्यापक पदासाठी पात्र ठरवायचं, असा नियम आहे. म्हणजे ही परीक्षा सोपी नाही, यात येणाऱ्या मुलांचं कौतुक केलंच पाहिजे. तरी माहितीपत्रकात 'नेट उत्तीर्ण ५' असं दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, बसले किती आणि ही पाच नावं किती वर्षांतली? एका वर्षाची असतील तर विभागाला सलाम. दहा वर्षांची गोळा करून एका पानावर लावली असतील तर त्यात विशेष काही नाही. वर्ष न लिहिता नावं छापायची ही जुनी युक्ती आहे, आणि मीही एका वर्षी ती केली आहे. प्राचार्य म्हणाले, "पान रिकामं दिसतंय", मग काय करता!

सेटचं महत्त्व ग्रामीण भागातल्या मुलांसाठी जास्त. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेतं. इतिहासाची प्रश्नपत्रिका मराठीतही असते. नेटची मात्र इंग्रजी-हिंदीत. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलगी नेटला दोनदा आपटते आणि सेटला पहिल्याच फटक्यात निघते, हे मी कितीदा तरी पाहिलं. त्या यादीत सेटची नावं नेटपेक्षा जास्त असतील तर त्यात कमीपणा मानू नका.

जेआरएफ मात्र वेगळी चीज. नेटमध्ये वरच्या गुणांनी आलेल्यांना ती मिळते. नोंदणी करून पीएच.डी. सुरू केली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडं. वयाची अट ३० ची, पण मुलींना पाच वर्षांची सूट आहे, हे तुमच्या लेकीला आत्ताच सांगून ठेवा. जेआरएफ हुकली तरी रस्ता बंद होत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. बार्टी आणि सारथी तर पुण्यातच आहेत. या पैशावर घर चालवून संशोधन पुरं केलेली मुलं मी पाहिली आहेत. पैसा वेळेवर आला नाही म्हणून आंदोलनाला बसलेलीही पाहिली आहेत.

एवढं झाल्यावर नोकरीचं काय? हा तुमचा खरा प्रश्न, आणि इथे मी गोड बोलणार नाही. नेट-सेट म्हणजे 'पात्र'. यादीतल्या त्या शब्दावर बोट ठेवा. २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान अट आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. पण अट पुरी करणाऱ्यांची रांग लांब आणि जागा निघतात तुरळक. मधली वर्षं मुलं तासिका तत्त्वावर काढतात. सीएचबी म्हणतात त्याला. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. माझी एक विद्यार्थिनी सकाळी हडपसरला आणि दुपारी भोसरीला शिकवायची, मधला वेळ पीएमपीच्या बसमध्ये. आमच्या अहवालात तिचं नाव दोनदा आलं, कारण तिला दोन नेमणूकपत्रं होती. अहवालाच्या हिशेबात ती दोन यशस्वी माजी विद्यार्थिनी होती!

एमपीएससी-यूपीएससीची नावं फार मनावर घेऊ नका. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इतिहास हा वैकल्पिक विषय घेतला तर अडीचशे-अडीचशेचे दोन पेपर, म्हणजे ५०० गुण. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हा इतिहास नीट शिकलेल्याला लिहायला फायदा होतो यात शंका नाही. पण पुण्यात एम.ए.ला प्रवेश घेणाऱ्यांत काही मुलं वसतिगृहासाठी आणि ग्रंथालयाच्या कार्डासाठीच येतात. मला त्याचा राग नाही. खोलीचं भाडं वाचतं, जेवण स्वस्त पडतं, गरिबाच्या मुलाने करायचं काय? फक्त असा मुलगा तहसीलदार झाला की त्यात विभागाचा वाटा किती, हे तो मुलगा आणि विभाग दोघांनाही माहीत असतं.

शोधनिबंधांची यादी तर सरळ उलटी वाचा, जितकी लांब तितकी काळजी. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाचे वर्षात चार निबंध छापून येत असतील तर ते पैसे भरून आलेले असण्याची शक्यता मोठी. हे थांबवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी सुरू केली. तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. मी एका वर्षी असे अकरा निबंध अहवालात घालायला नकार दिला. वरून निरोप आला, "बाकीचे घालतात." शेवटी घातले. आजही ते पान आठवलं की चरफडायला होतं.

आता त्या चार पानांत जे नसतं त्याकडे येते. मला मुळात सांगायचं आहे ते हेच.

इतिहासाचा विद्यार्थी तयार झाला की नाही हे कळतं तो कागदासमोर बसल्यावर. पुण्यात कागदांना तोटा नाही. पेशवे दप्तर इथेच, पुणे पुराभिलेखागारात. कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे असतात, त्यांना रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की पहिल्यांदा जुन्या कागदाचा वास येतो, आणि कधी कधी घडीतून बारीक चमचमणारी वाळू टेबलावर पडते. शाई सुकवायला त्या काळी कारकुनाने टाकलेली ती वाळू. अडीचशे वर्षं ती तिथेच. पहिल्यांदा हे पाहणारं पोर हमखास गप्प होतं. मग मोडी सुरू होते. आधी ओळभर रेघ ओढलेली, खाली अक्षरं टांगलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प्रा॥' म्हणजे परगणे, हे पाठ करावं लागतं. लिहिणाऱ्याची घाई, त्याची लकब, त्याची वळणं, सगळं सांभाळत एक पान वाचायला सुरुवातीला अख्खा दिवस जातो.

एक प्रसंग सांगते. एका मुलीला तिच्या गावच्या जुन्या वाड्यातून एक अर्ज मिळाला होता. नवरा पानिपतावर पडला, घरात कर्ता कुणी नाही, तरी सारा सोडावा, अशा मतलबाचा. महिना वैशाख. साल अरबी शब्दांत, जसं त्या काळी लिहायचे: 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१, हा शुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दप्तरांत वापरली जाणारी कालगणना. तिने पुस्तकात वाचलं होतं की शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. मिळवले, आला १७६०. ती माझ्याकडे आली ती घाबरून. "मॅडम, पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. हा अर्ज १७६० च्या वैशाखातला. लढाईच्या आठ-नऊ महिने आधीच माणूस पडला कसा? कागद बनावट आहे का?"

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, शुहूर सन कधी बदलतो ते शोध आणि ये. दोन दिवसांनी आली ती हसत. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा बदलतो, साधारण मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. म्हणून तर त्याला मृगसाल म्हणतात. पेरणीबरोबर नवं साल. तेव्हा मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, पण जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वैशाख मृगाच्या आधीचा, म्हणून तो अर्ज १७६१ चा. लढाईनंतर तीन-चार महिन्यांनी लिहिलेला. कागद खरा, हिशेब चुकला होता.

ही मुलगी त्या दिवशी इतिहासकार झाली असं मी म्हणेन. तिला प्रश्न पडला, तिने आधी कागदावर आणि मग स्वतःवर संशय घेतला, आणि उत्तर स्वतः शोधून काढलं. आता सांगा, हे मी कुठल्या रकान्यात लिहू? याचं प्रमाणपत्र नसतं. 'आविष्कार' स्पर्धेत तिचं पोस्टर जिल्ह्याच्या फेरीतच बाद झालं, कारण परीक्षकांना त्यात 'समाजाला उपयोग' दिसला नाही.

उपयोग पुढे दिसला. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरं बाहेर निघाली. जन्ममृत्यूच्या नोंदींचं गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, पाहणीपत्रकं, खासरापत्रकं. यातलं बरंचसं मोडीत. एकदम सगळ्यांना मोडी वाचणारा माणूस हवा झाला. ज्यांना 'मोडी शिकून काय करणार' म्हणून हिणवलं होतं, त्या माझ्या विद्यार्थ्यांचे फोन वाजायला लागले. एकजण सांगत होता, "मॅडम, एका नोंदीसाठी लोक पहाटेपासून कचेरीच्या पायरीवर बसतात. मी वाचून सांगेपर्यंत कुणी हलत नाही." वाचणाऱ्याने एक अक्षर चुकवलं तर एका घराचं काय होईल, ही जबाबदारी त्या पोरांनी पेलली. त्यावर्षीच्या अहवालात त्यांची नावं घालावीत म्हणून मी प्रयत्न केला. नेमणूकपत्र मागितलं गेलं. रोजंदारीवरच्या मोडी वाचकाला कसलं नेमणूकपत्र? नावं गळाली.

मोडी म्हटलं की पुष्कळांना वाटतं, दहा दिवसांचा वर्ग केला की झालं. पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात, भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात, ते करावेतच. पण वर्गात छापील, सुबक मोडी शिकवतात. खरा कागद म्हणजे कुणा वैतागलेल्या कारकुनाने दिवा मालवायच्या आधी खरडलेला मजकूर. तो वाचायला दोन वर्षं रोज थोडं बसावं लागतं. एम.ए.च्या दोन वर्षांत ही बैठक घालून देणारा एक जरी शिक्षक विभागात असेल, तर ती चार पानं कोरी असली तरी मी मुलीला तिथे घालेन.

पुण्यात या विषयाची परंपरा विद्यापीठाहून जुनी आहे, हेही लक्षात घ्या. विद्यापीठ निघालं १९४९ ला. त्याच्या किती आधी, १९१० मध्ये, वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. राजवाडे डेक्कन कॉलेजचे पदवीधर, पण गावोगावच्या पेट्या धुंडाळून कागद गोळा करायचं त्यांचं काम कुठल्याही कॉलेजच्या अभ्यासक्रमात नव्हतं. 'इंडियन हिस्टरी काँग्रेस'चं पहिलं अधिवेशन १९३५ मध्ये पुण्यातच भरलं, तेही मंडळाच्या पुढाकाराने. त्या धावपळीत असलेले दत्तो वामन पोतदार पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. शिवचरित्राचे साक्षेपी अभ्यासक गजानन मेहेंदळे यांचं पदव्युत्तर शिक्षण तर संरक्षणशास्त्रातलं. त्यांचं नाव कुठल्या इतिहास विभागाने आपल्या माजी विद्यार्थ्यांत घालायचं? दुसऱ्या बाजूला अ. रा. कुलकर्णी विद्यापीठाच्या इतिहास विभागाचे प्रमुख होते. शिवकालीन महाराष्ट्राची खेडी, वतनं, बलुतेदार यांचा इतिहास त्यांनी कागदांतून उभा केला आणि विद्यार्थ्यांनाही त्या वाटेला लावलं. लढायांपलीकडे बघायची सवय पुण्यातल्या आमच्या पिढीला त्यांच्या लिखाणाने लागली. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. चांगला विभाग मुलांना दोन्हीकडे पाठवतो, सकाळी वर्गात आणि दुपारी मंडळात.

माजी विद्यार्थी घडवण्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात ठसठशीत नमुना तर तुमच्याच तालुक्यात आहे. इनामगाव. घोड नदीच्या काठावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही मंडळी त्यात होती. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरांचे पाये, धान्याचे कणगे, अंगणात पुरलेले मृत, नदीचं पाणी वळवायला घातलेला बांध. महत्त्वाचं म्हणजे, ती जागा विद्यार्थ्यांची शाळा होती. तंबूत राहायचं, उन्हात खणायचं, खापराचा तुकडा हातात घेऊन तो कुठल्या थरातला ते सांगायचं. ढवळीकर, शां. भा. देव अशी सांकलियांच्या तालमीतली माणसं स्वतः मोठी झाली आणि त्यांनी पुढची पिढी उभी केली. विभागाची कामगिरी मोजायची तर अशी, तीस-चाळीस वर्षांच्या मापाने. वार्षिक अहवालाचं माप फारच तोकडं पडतं. लेकीला इनामगावची जागा दाखवली नसेल तर एखाद्या रविवारी दाखवून आणा.

आता तुम्ही करायचं काय ते सांगते. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सुट्टीचा दिवस नको, कामाच्या दिवशी मुलीला घेऊन विभागात या. प्रमुखांना भेटा, पण चहा पिऊन परत जाऊ नका. ग्रंथालयात गेल्या दोन-तीन वर्षांतले एम.ए.चे लघुप्रबंध बघायला मागा. आधी विषय बघा. 'मराठ्यांचा इतिहास: एक अभ्यास' असली नावं दिसली की समजा, पुस्तकावरून पुस्तक उतरवलंय. एखाद्या गावच्या बाजाराचा, एखाद्या गिरणीतल्या संपाचा, एखाद्या वसतिगृहाचा अभ्यास दिसला तर आत उघडून बघा. विद्यार्थ्याने दप्तर पाहिलंय का, माणसांना भेटलाय का, वर्तमानपत्राचे जुने अंक चाळलेत का. दहा मिनिटांत कळतं, तुम्हालासुद्धा. तुम्ही आयुष्यभर सातबारा आणि फेरफार वाचत आलात, कागद खरा कोणता आणि नक्कल कोणती हे तुम्हाला प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल.

मग दुसऱ्या वर्षाच्या चार मुलांना कँटीनमध्ये गाठा. त्यांना विचारा, शेवटचं पुराभिलेखागारात कधी गेला होतात? मोडी कोण शिकवतं? फारसी, निदान तिची तोंडओळख तरी आहे का? सर-मॅडम वेळेवर येतात का, हेही विचारा, लाजू नका. आणि पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या बॅचमधली पाच नावं मागा. वरच्या पाच जणांची नावं देऊ लागले तर हजेरीपटावरची कुठलीही पाच मागा. त्यातली दोघं शिक्षक असतील, एखादी सीएचबीवर, एक एमपीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नात, एक गावी शेतीला. विभागाला या पाचही जणांचा ठावठिकाणा माहीत असेल, तर तिथे मुलांची आठवण ठेवतात. ज्या विभागाला फक्त नेटवाल्याचा नंबर सापडतो, तिथे जरा जपून.

नोकरीच्या बाबतीत लेकीशी स्पष्ट बोला. एम.ए. बरोबर तिच्या हातात आणखी एक कसब हवं. बी.एड. असो, मोडी असो, कागदपत्रांची सूची करणं आणि त्यांचं डिजिटायझेशन असो. पुण्यात संग्रहालयं आहेत, वारशाचं काम करणाऱ्या संस्था आहेत, घराण्यांची खासगी दप्तरं आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरी, लोहगड आणि राजगड आपल्या जिल्ह्यातले. या किल्ल्यांबद्दल नीट, खरं सांगणारी माणसं लागणार आहेत. सध्या तिथे बऱ्याचदा कानावर पडतं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पण यातली बरीच कामं कंत्राटी असतात, महिन्याच्या एक तारखेची हमी नसते. दोन वर्षं एम.ए., त्यातच सेट, मग अधिछात्रवृत्ती मिळाली तरच पीएच.डी., नाहीतर बी.एड. करून शाळा, असा बेत आधीच ठरवून ठेवला तर मधेच पाय अडकत नाही. कर्ज काढून पीएच.डी. करू देऊ नका. हे मी माझ्या सख्ख्या भाचीलाही सांगितलं आहे.

राहता राहिली आजोबांची पेटी. लेकीने प्रवेश घेतला नाही घेतला तरी त्या कागदांची काळजी आजपासून घ्या. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, आत ओल धरते. लॅमिनेशन तर अजिबात नको. जुन्या, धुतलेल्या, बिनकांजीच्या सुती कापडात सैल बांधा आणि जमिनीपासून उंच, भिंतीला न टेकता ठेवा. घड्या जोर लावून उलगडू नका. ज्या क्रमाने कागद पेटीत आहेत तो क्रम मोडू नका, कारण कुठला कागद कुणाशेजारी होता यातूनही बरंच कळतं. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागची बाजू विसरू नका, पुष्कळदा तारीख आणि शेरा तिथेच असतो. आणि पुण्याला याल तेव्हा पेटी उचलून आणू नका, नुसते फोटो आणा. पहिल्या कागदाची पहिली ओळ लेकीला स्वतःला लावू द्या, कितीही वेळ लागला तरी.